‘अधिक आठ’ : दूरचित्रवाणीवरील घटस्फोट आणि मुलाचे स्थान

मोडणाऱ्या संसारातील मूल हा विषय कादंबरीला नवा नाही. हेन्री जेम्सने तो १८९७ मध्ये ‘व्हॉट मेझी न्यू’ या कादंबरीत घेतला. मन्नू भंडारी यांनी १९७१ मध्ये ‘आपका बंटी’त तोच घेतला. या दोघांखेरीज इतरही अनेक भाषांतील लेखकांनी त्याला आपापल्या परीने हात घातला आहे. नवा आहे तो एक प्रकार. त्याला वाङ्मयप्रकार म्हणावे की नाही हाच वास्तविक वादाचा मुद्दा आहे. या प्रकारात मूल कल्पित नसते, त्याचे आईबाप कल्पित नसतात, आणि घटस्फोटाचा अर्ज ज्या दिवशी न्यायालयात जातो त्याच दिवशी रात्री त्या घटनेची घोषणा एक कोटीहून अधिक लोक आपापल्या दिवाणखान्यात बसून पाहतात. ‘रिअ‍ॅलिटी शो’ हे नाव आता आपल्या सर्व भाषांत रुळले आहे. त्याला ‘वास्तवदर्शी कार्यक्रम’ असा प्रतिशब्द देणे म्हणजे जो प्रश्न विचारायचा आहे त्याचे उत्तर आधीच देऊन टाकणे होय. म्हणून येथे परभाषेतील नावच ठेवतो.

या प्रकाराविषयी जी चर्चा झाली ती बहुतांशी नीतीची आणि कायद्याची झाली. आईबापांनी मुलांना कॅमेऱ्यापुढे उभे करावे काय, त्यांच्या वाट्याचा पैसा कोणी सांभाळावा, असे प्रश्न तीत आले, आणि ते अवश्य विचारले पाहिजेत. परंतु समीक्षकाला त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारावा लागतो : या रचनेत मुलाला कोणते स्थान मिळते? कथेत मूल असणे ही एक गोष्ट आहे आणि मुलाच्या जागी उभे राहून कथा दिसणे ही दुसरी. माझे म्हणणे असे की रिअ‍ॅलिटी शोमध्ये मूल सर्वत्र दिसते, पण मुलाच्या जागेवरून काहीही दिसत नाही. आणि हा दोष एखाद्या निर्मात्याच्या अरसिकपणातून आलेला नसून त्या घाटातच आहे. नीतीचा प्रश्न या घाटाच्या प्रश्नातूनच उगवतो, असेही मला वाटते.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील ‘जॉन अँड केट प्लस एट’ या मालिकेइतके सोयीचे दुसरे सापडणार नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉन आणि केट गॉसेलिन या दांपत्याला २००० साली जुळ्या मुली झाल्या आणि २००४ च्या मे महिन्यात एकाच वेळी सहा मुले झाली. एवढे मोठे घर चालते कसे, या कुतूहलावर प्रथम एकदोन विशेष कार्यक्रम निघाले आणि २००७ पासून मालिका सुरू झाली. जेवणे, आंघोळी, रुसवेफुगवे, सहली, वाढदिवस असे तिचे स्वरूप होते. कोणतीही कथा नाही हेच तिचे आकर्षण होते. २००९ च्या प्रारंभी नवराबायकोत बिनसल्याच्या वार्ता अमेरिकन नियतकालिकांतून येऊ लागल्या, आणि आजवर कथा नसलेल्या मालिकेला अकस्मात कथा मिळाली. २५ मे २००९ रोजी नव्या पर्वाचा पहिला भाग लागला. विषय होता सहा भावंडांचा पाचवा वाढदिवस. त्या भागाला मालिकेच्या तोवरच्या कोणत्याही भागापेक्षा अधिक प्रेक्षक लाभले. ते वाढदिवस पाहायला आले नव्हते हे सांगायला नको.

प्रथम या मालिकेच्या नावाकडे पाहावे. कलाकृतीच्या नावावरून तिची परीक्षा करणे उथळपणाचे ठरते असे कोणी म्हणेल, पण कधी कधी नाव रचनेचा आराखडाच हाती देते. ‘जॉन आणि केट, अधिक आठ’. आईबापांना नावे आहेत. मुले ही संख्या आहे. बेरजेच्या चिन्हाच्या उजव्या बाजूस ती एका आकड्यात बसवलेली आहेत. सप्टेंबर २००९ च्या अखेरीस वाहिनीने जाहीर केले की मालिकेचे नाव यापुढे ‘केट प्लस एट’ असे राहील. संसार मोडला तेव्हा नावातून एक नाव गळले. आकडा तसाच राहिला. आठ मुलांपैकी प्रत्येकाच्या आयुष्यात त्या वर्षी काही उलथापालथ झाली असणार, पण बेरजेत तिची खूण उमटली नाही. (या लेखात मुलांची नावे मी घेत नाही, ती सर्वांना ठाऊक आहेत हे त्यांना पुन्हा छापण्याचे कारण होऊ शकत नाही.)

आता घाटाकडे. या मालिकेचे, आणि तिच्यासारख्या बहुतेक मालिकांचे, एक ठरलेले साधन आहे. घडलेला प्रसंग दाखवायचा आणि मध्येमध्ये त्या प्रसंगातील माणसांना एका कोचावर बसवून त्याविषयी बोलते करायचे. गॉसेलिन दांपत्य प्रारंभीच्या पर्वांत एकाच कोचावर शेजारी बसून बोलत असे. एकमेकांची वाक्ये तोडणे, दटावणे, हसणे हा त्या मालिकेचा अर्धा रस होता. नाटकातील स्वगताशी या साधनाचे नाते आहे, पण ते वरवरचे. नाटकातील पात्र स्वगत बोलते तेव्हा त्याचे ऐकणारा कोणी नाही असा संकेत असतो, आणि म्हणूनच त्यात पात्र स्वतःला सापडण्याची शक्यता असते. कोचावरचे बोलणे मुळातच ऐकणाऱ्यासाठी असते. ते स्वगत नसून साक्ष असते. २००९ च्या पर्वात नवराबायको वेगवेगळे बसून बोलू लागले. तोच कोच, तोच कॅमेरा, पण आता शेजारची जागा रिकामी. या रिकाम्या जागेचा परिणाम प्रेक्षकावर झाल्याशिवाय राहत नाही. संपूर्ण मालिकेत खरोखर नाट्यपूर्ण म्हणता येईल असे जर काही असेल तर ते एवढेच आहे, आणि ते कोणी योजले नसावे.

पण हा कोच मोठ्यांचा होता. एका साक्षीच्या जागी दोन साक्षी आल्या, दोन बाजू झाल्या, आणि प्रेक्षक पंचाच्या आसनावर बसला. मुलांची तिसरी बाजू या मांडणीत बसू शकत नाही. मूल कोणत्याही बाजूचे नसते. दोन्ही बाजू जेथे एकमेकींना छेदतात तेथे ते उभे असते. अशा जागेवरून साक्ष देता येत नाही. म्हणून मुले त्या पर्वात काय करतात? ती खेळतात. कॅमेरा त्यांना खेळताना टिपतो, आणि त्या चित्रांवर आईचा किंवा बापाचा आवाज चढवला जातो. चित्र मुलाचे, अर्थ मोठ्यांचा. मूल घसरगुंडीवरून खाली येते आणि त्याच वेळी आपण ऐकतो की आता या घरात काही गोष्टी पूर्वीसारख्या राहणार नाहीत.

२२ जून २००९ च्या भागात ही विसंगती पराकोटीला गेली. त्या भागात मुलांसाठी अंगणात खेळण्याची लाकडी घरे आणली जातात. ती बालचित्रकथांत असतात तशी मुद्दाम वाकड्या भिंतींची आणि कललेल्या छपरांची आहेत. मुले त्यांत आतबाहेर धावतात. त्याच भागात आईबाप स्वतंत्रपणे सांगतात की आपण विभक्त होत आहोत. त्याच दिवशी विवाहविच्छेदाची न्यायालयीन कारवाई सुरू झाल्याची माहिती शेवटी अक्षरांत उमटते. एखाद्या कादंबरीकाराने घर मोडण्याच्या दिवशी मुलांच्या हाती वाकडी घरे दिली असती तर आपण त्याला भडक प्रतीकयोजनेबद्दल दोष दिला असता. येथे ते प्रतीक नाही, कारण ते कोणाच्याही जाणिवेत प्रतीक म्हणून उमटत नाही. मुलांना ती खेळघरे आहेत, आईबापांना तो भागाचा ठरलेला विषय आहे, आणि प्रेक्षकाला तो दुसऱ्या वार्तेची वाट पाहण्यातला अडथळा आहे. जीवनातील योगायोग कितीही बोलका असला तरी त्याला पाहणारी जाणीव रचनेत नसेल तर तो मुकाच राहतो. मला हा सर्व मालिकेतील सर्वांत दुःखद भाग वाटतो, आणि हे दुःख मालिकेने निर्माण केलेले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. लक्षावधी माणसांना त्या मुलांची कणव आलीच ना? मग करुणेची निष्पत्ती झाली नाही असे कसे म्हणता? या आक्षेपाला आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’त रसाचा आश्रय कोण याचा विचार आहे. लौकिकातील एखादे खरे प्रेमी युगुल प्रत्यक्ष पाहिले तर पाहणाऱ्याला शृंगाररसाचा आस्वाद येत नाही; त्याला प्रकृतीनुसार लाज वाटते, मत्सर वाटतो किंवा हाव सुटते, असे तेथे सांगितले आहे. अभिनवगुप्ताने रसाची जी विघ्ने सांगितली त्यांतही हे विशिष्ट माणसाचे, विशिष्ट काळाचे, आपले किंवा परक्याचे असे भान हे एक मोठे विघ्न मानले आहे. त्या भानातून सुटल्याखेरीज साधारणीकरण नाही, आणि साधारणीकरणाखेरीज रस नाही. रिअ‍ॅलिटी शोचा सगळा दावाच या विशिष्टतेवर उभा आहे : हेच ते मूल, हेच ते घर, हे आत्ता घडत आहे. ज्या गोष्टीपासून नाटक आपल्याला सोडवते तीच गोष्ट हा प्रकार आपल्याला विकतो. परिणामी जी कणव येते ती लौकिक असते, आणि लौकिक कणवेला लौकिक कृतीचीच वाट असते. शेजारचे मूल रडताना दिसले तर आपण त्याला जवळ घेतो, नाही तर ओशाळून मान फिरवतो. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला यांतले पहिले शक्य नसते आणि दुसरे तो करत नाही. तो पाहतच राहतो. प्राचीनांनी सांगितलेली लज्जा त्याच्या ठायी उद्भवली असती तर तीही प्रामाणिक प्रतिक्रिया ठरली असती. पण मागे संथ पियानो वाजत असतो आणि लज्जेला जागा मिळत नाही.

जेम्सच्या कादंबरीकडे वळले की घाटाने काय साधते ते कळते. मेझीच्या आईबापांचा घटस्फोट कादंबरीच्या प्रारंभीच होऊन गेलेला आहे. न्यायालयाने तिला प्रथम बापाकडे दिले, पण बापाला तिच्या नावावरच्या एका रकमेचा हिशेब देता आला नाही, तेव्हा सहा महिने एकाकडे आणि सहा महिने दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली. दोघे तिचा उपयोग एकमेकांना शिव्याशाप पोचवण्यासाठी करतात. येथवरची सामग्री कोणत्याही भडक मालिकेला शोभेल अशीच आहे. जेम्सने केले ते एवढेच की आपण सर्व गोष्टी मेझीला दिसतात तेवढ्याच पाहायच्या असा नियम घालून घेतला. तिला पुष्कळ दिसते आणि त्यातले थोडेच समजते. १९०८ च्या आपल्या प्रस्तावनेत त्याने हे सांगितले आहे की लहान मुलांपाशी जितकी जाण असते तितके शब्द नसतात. लेखक आपले शब्द तिला उसने देतो, पण आपली जाण तिच्यावर लादत नाही. या शिस्तीतून मोठ्यांचे जग जसे दिसते तसे ते कोणत्याही निवेदकाच्या संतापातून दिसले नसते.

आणि त्याच शिस्तीतून मेझीचा पहिला मोठा शोध शक्य होतो. तिच्या ध्यानात येते की आपण निरोप पोचवले नाहीत, विचारले तर काही आठवत नाही असे दाखवले, तर दोघांच्या हातातले हत्यार गळून पडते. घरात तिला मंदबुद्धी म्हणू लागतात. ते तिला चालते. वयाच्या त्या वर्षी तिला आत एक खोली सापडते जिच्यात दुसऱ्या कोणाला प्रवेश नाही. मुलाने गप्प राहणे ही कृती आहे, कदाचित त्याच्या हाती असलेली एकमेव कृती, हे जेम्सला कळले होते. या मौनाकडे आपल्याला शेवटी पुन्हा यावे लागेल.

‘आपका बंटी’ ही वेगळ्या प्रकृतीची कादंबरी आहे. तिच्यात जेम्सची बौद्धिक चलाखी नाही; काही ठिकाणी ती भावविवशतेच्या काठावर जाऊन उभी राहते हेही मान्य केले पाहिजे. तिची शिस्तही जेम्सइतकी कडक नाही, कारण बंटीप्रमाणेच त्याची आई शकुन हिच्या मनातही लेखिका जाते आणि तिला सहानुभूती देते. परंतु जेथे ती बंटीच्या उंचीवरून पाहते तेथे तिला तोड नाही. महाविद्यालयाची प्राचार्या असलेली आई सकाळी आरशापुढे बसून तयार होते, तेव्हा त्या टेबलावरच्या कुप्यांत काही जादू आहे आणि त्या जादूने आपली ममी कोणी दुसरीच कठोर बाई होते, असे बंटीला वाटते. आईच्या दोन आयुष्यांविषयी, नोकरीविषयी, एकटेपणाविषयी समाजशास्त्राच्या परिभाषेत जे सांगता आले असते ते सर्व या कुप्यांत आहे, आणि ते बंटीला न कळता आपल्याला कळते. वडील कलकत्त्याहून येतात ते सर्किट हाउसमध्ये उतरतात आणि बंटी त्यांना तेथे भेटायला जातो. ‘पप्पा’ ही व्यक्ती सर्किट हाउसमध्ये राहते, ही गोष्ट एका मुलाला किती साधी आणि किती विचित्र वाटत असेल! वकीलचाचा कागद घेऊन येतात. त्या कागदात काय आहे हे बंटीला कोणी सांगत नाही, पण घरातली हवा बदलली हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

या कादंबरीचे नावही त्या दुसऱ्या नावाशेजारी ठेवून पाहावे. ‘आपका’. तुमचा. आईचा नाही, बापाचा नाही, तुमचा बंटी. मुलावर हक्क सांगणाऱ्या दोघांच्या मधून लेखिका त्याला उचलते आणि वाचकाच्या पदरात टाकते. ‘प्लस एट’मध्ये प्रेक्षकाला काही स्वीकारावे लागत नाही, बेरीज आधीच झालेली असते. आणि हे सर्व व्यापाराच्या विटाळामुळे झाले असे म्हणून भागणार नाही. ‘आपका बंटी’ही ‘धर्मयुग’ या मोठ्या खपाच्या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली होती; तिचेही वाचक पुढच्या आठवड्याची वाट पाहत होते. मालिकेचे रूप, लोकप्रियता, पुढे काय होईल याची उत्कंठा या गोष्टी दोन्हीकडे समान आहेत. भेद आहे तो कोणाच्या डोळ्यांतून पाहायचे याच्या निवडीत.

आपल्या परंपरेत तर याहून जवळचे एक उदाहरण आहे, आणि त्याचा विचार या संदर्भात कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. रामायणाच्या उत्तरकांडात कुश आणि लव रामाच्या यज्ञमंडपात, जमलेल्या सभेपुढे, स्वतःच्याच आईबापांची कथा गातात. त्यागलेल्या पत्नीची मुले त्यागणाऱ्या पित्यासमोर उभी राहून त्या त्यागाचे गायन करतात! मराठी माणसाच्या कानांत हा प्रसंग १९५५ पासून आकाशवाणीने रुजवला आहे, कारण ‘गीतरामायणा’चा प्रारंभच त्याने होतो. विभक्त आईबापांची मुले जनसमुदायापुढे आणणे ही कल्पना मग आधुनिक दूरचित्रवाणीचीच कशी म्हणावी? परंतु वाल्मीकीने त्या मुलांच्या हाती काय दिले आहे ते पाहावे. त्याने त्यांना काव्य दिले आहे. ती आपले दुःख सांगत नाहीत, एका कवीने रचलेले, छंदात बांधलेले, स्वरांत बसवलेले चरित्र गातात. तो छंद त्यांच्या अंगावरचे चिलखत आहे. ‘तुम्हांला कसे वाटते?’ असे त्यांना सभेत कोणी विचारत नाही.

भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात याच्याही पुढे पाऊल टाकले. तेथे गंगेच्या तीरावर वाल्मीकीचे नाटक अप्सरा करून दाखवतात. सीतेचा आकांत आणि तिच्या पुत्रांचा जन्म राम प्रेक्षक म्हणून पाहतो. तो इतका विव्हळ होतो की लक्ष्मणाला त्याला आठवण करून द्यावी लागते : हे नाटक आहे. बाप प्रेक्षकांत, मुलांचा जन्म रंगभूमीवर, आणि ज्याने हे घडवले तोच पाहताना कोसळतो. पण तेथे सीता ही सीतेची भूमिका करणारी अप्सरा आहे. नवजात बालके कथेतली आहेत. खरी मुले त्या क्षणी रंगभूमीवर नाहीत, आणि कवीने ती तेथे ठेवली नाहीत यात केवळ नाट्यतंत्राची सोय नसावी. लक्ष्मणाचे ते एक वाक्य ज्या प्रकारात कोणालाच उच्चारता येत नाही, असा प्रकार म्हणजे रिअ‍ॅलिटी शो.

तर मग कॅमेऱ्याला हे कधीच साधणार नाही काय? असा सरसकट निकाल देणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्यासाठी या प्रकाराच्या मुळाशी असलेल्या ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ या मालिकेची आठवण करणे भाग आहे. क्रेग गिल्बर्ट या निर्मात्याने १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील लाउड कुटुंबाचे सात महिने चित्रण करवले. अ‍ॅलन आणि सुझन रेमंड हे दांपत्य कॅमेरा आणि ध्वनी सांभाळत होते. सुमारे तीनशे तासांच्या चित्रणातून बारा भाग निघाले, आणि ते १९७३ च्या जानेवारीपासून तेथील सार्वजनिक वाहिनीने दाखवले. या सात महिन्यांतच पॅट आणि बिल लाउड यांचा संसार मोडला. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने या मालिकेची तुलना नाटकाच्या किंवा कादंबरीच्या शोधाशी केली होती. तुलना अतिशयोक्त होती, पण ती करण्याचा मोह का झाला हे मालिका पाहिली की समजते.

लाउड मालिकेत कोच नाही. पात्रे कॅमेऱ्याकडे वळून आपली बाजू सांगत नाहीत. पॅट आपल्या संसाराची कर्मकहाणी भावाला आणि भावजयीला सांगते, आपल्याला नाही. तो प्रसंग लांबतो, रेंगाळतो आणि आपण परक्याच्या घरात अवेळी आल्यासारखे अवघडतो. बिल प्रवासावरून परततो तेव्हा पॅट त्याच्या हाती वकिलाचे कार्ड ठेवते. आरडाओरडा होत नाही. पाच मुले बहुतांशी वाढत्या वयाची, थोरला लान्स तर वीस वर्षांचा आणि घरापासून दूर न्यूयॉर्कला गेलेला. त्यांना निदान दार उघडून बाहेर जाता येत होते. पाहणाऱ्याला दशरूपककाराची लज्जा येथे खरोखर वाटते, कारण तिच्यावर संगीताचे पांघरूण कोणी घातलेले नाही. जाँ बोद्रियार या फ्रेंच विचारवंताने पुढे १९८१ च्या आपल्या ग्रंथात या मालिकेवर कठोर टीका केली : कॅमेरा तेथे नसल्यासारखे चित्रण केले हा दावाच भ्रामक आहे. तत्त्वतः ती टीका अमान्य करता येत नाही. पण दाव्याचा खोटेपणा आणि कृतीतील संयम या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि बोद्रियारच्या तर्ककठोर लेखणीने दुसऱ्या गोष्टीकडे पाहिलेच नाही असे माझे मत आहे. तरीही या मालिकेतसुद्धा मुलांच्या जागेवरून काही दिसत नाही. तिची श्रेष्ठता एवढीच की मुलांच्या जागेवरून आपल्याला दिसते असा आव ती आणत नाही.

कायद्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो माझा विषय नाही. कॅलिफोर्नियाने बालनटांच्या कमाईच्या रक्षणासाठी १९३९ मध्ये कायदा केला होता. पण गॉसेलिन मुलांच्या बाबतीत अडचण निराळीच होती. स्वतःच्या घरात जेवणे, खेळणे, रडणे याला काम म्हणावे की नाही? पेनसिल्व्हेनियाच्या श्रमविभागाने २००९ मध्ये चौकशी केली, आणि २०१२ मध्ये त्या राज्याने जो नवा बालश्रम कायदा केला त्यात अशा कार्यक्रमांतील मुलांचाही विचार झाला. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराच्या कामाला दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली आणि त्याच्या उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे बँकेत ठेवण्याची सक्ती केली. हे सर्व योग्यच आहे. पण आमच्याच १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात एक अधिक मर्मग्राही तरतूद आहे. दोघांपैकी एकाही पक्षाची इच्छा असेल तर सुनावणी बंद दारांआड झाली पाहिजे. ते दार का बंद करायचे हे विधिज्ञांना जेवढे कळले तेवढे अद्याप आमच्या माध्यमसमीक्षेला कळलेले दिसत नाही.

गॉसेलिन प्रकरणातही दार बंद करण्याचा प्रयत्न एकदा झाला. मालिकेच्या नव्या नावाची घोषणा झाल्यावर लगेच बापाने मुलांचे चित्रण थांबवण्याची मागणी केली. वाहिनीने करारभंगाबद्दल त्याच्यावर दावा लावला. मूळ मालिका नोव्हेंबर २००९ मध्ये संपली, डिसेंबरमध्ये घटस्फोट झाला आणि २०१० च्या जून महिन्यात ‘केट प्लस एट’ सुरू झाली. बापाची मागणी मुलांच्या हितासाठी होती की नावातून वगळले गेल्यामुळे, हा तर्क अनेकांनी केला. त्याचा निवाडा करण्यात मला रस नाही. मला लक्षणीय वाटते ती त्या काळातली घराची व्यवस्था. विभक्त झाल्यावर मुलांनी घर सोडायचे नाही, आईबापांनीच आळीपाळीने तेथे येऊन राहायचे असे प्रारंभी ठरले होते. मुलांना स्थैर्य मिळावे हा हेतू सांगितला गेला आणि तो खरा मानण्यास काहीच प्रत्यवाय नाही. मेझीच्या नशिबी आलेल्या फेऱ्यांपेक्षा ही व्यवस्था कितीतरी माणुसकीची. मात्र प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर दिसत होते ते असे : नेपथ्य जागेवर स्थिर आहे, मुले त्यात स्थिर आहेत, आणि पात्रे विंगेतून एकेकटी प्रवेश करत आहेत.

जानेवारी २०१४ मध्ये, त्या जुळ्या मुली तेरा वर्षांच्या असताना, आईबरोबर ‘टुडे’ या अमेरिकेतील सकाळच्या एका मोठ्या कार्यक्रमात आल्या. प्रश्न सरळ होता : इतकी वर्षे कॅमेऱ्यापुढे काढल्यावर तुम्ही कशा आहात? आपल्या बाजूने काही बोलण्याची ही संधी होती. मुली गप्प राहिल्या. आईने हळूच सुचवून पाहिले, शब्द तोंडाशी आणून दिले, मुलाखतकर्तीने प्रश्न फिरवून विचारला. पलीकडून फारसे काही आले नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी त्याला फसलेली मुलाखत म्हटले, आणि दूरचित्रवाणीच्या हिशेबाने ती फसलीच होती. तेथे काही क्षणांची शांतताही फार मोठी होते. मी ती मुलाखत नंतर पाहिली, ती मेझी माहीत असल्यामुळे कदाचित वेगळ्या रीतीने. दोन्ही मुली खाली, बाजूला, एकमेकींकडे पाहत होत्या. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर रोखलेला होता. प्रश्न पुन्हा विचारला गेला. त्या अजून गप्पच होत्या.